मिशनच्या कॉलेजात पी.जी.: सातारा-सांगलीहून निघण्याआधी

विलिंग्डन हे ख्रिस्ती कॉलेज नाही. सुरुवात इथूनच करावी लागते, कारण दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पालक ते गृहीत धरूनच विचारायला येतात. १९१९ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगलीत ते काढलं आणि मुंबईच्या माजी गव्हर्नरचं नाव दिलं, एवढाच त्याचा इंग्रजी साहेबाशी संबंध. पुण्याचं फर्ग्युसनही त्याच सोसायटीचं, तेही गव्हर्नरच्याच नावाचं. सेंट मीराज् कॉलेजच्या पाटीवर तर चक्क ‘सेंट’ आहे, पण ते साधू वासवानींच्या परंपरेतलं, संत मीराबाईच्या नावाचं. उलट ‘अहमदनगर कॉलेज’ या नावात ख्रिस्ती असं काहीच दिसत नाही, आणि ते मात्र ख्रिस्ती संस्थेचं आहे. तेव्हा पाटीवरून अंदाज बांधू नका. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानांवर ‘ख्रिश्चन अल्पसंख्याक संस्था’ असं लिहिलंय का ते पाहा. त्या तीन शब्दांनी ॲडमिशनचे नियम बदलतात. कसे, ते पुढे येईलच.

मिशनचं आणि आपल्या दोन जिल्ह्यांचं नातं तसं जुनं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभा केला, पाठोपाठ वैद्यकीय शिक्षणाची शाळाही काढली. सांगली-मिरजेच्या मधल्या वॉनलेसवाडीत त्यांचं नाव अजून रोज घेतलं जातं. रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटच्या काळात साताऱ्यात राहिले, ‘देवाचा दरबार’ त्यांनी १९१७ मध्ये इथेच मांडला. दवाखाने झाले, शाळा झाल्या, मुलामुलींची वसतिगृहं झाली. कला-विज्ञानाचं मोठं मिशन कॉलेज मात्र या भागात उभं राहिलं नाही. ती जागा इथल्याच माणसांनी भरून काढली. विलिंग्डन निघालं त्याच वर्षी कराडजवळच्या काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. म्हणजे ख्रिस्ती संस्थेत पी.जी. करायचं म्हटलं की सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला पिशवी भरावीच लागते. मुंबई, पुणे, नगर, नाहीतर थेट नागपूर.

म्हणून पहिला प्रश्न कॉलेजचा नाहीच. घर सोडून दोन वर्षं काढावीत असं त्या विषयात तिथे काय आहे, हा पहिला प्रश्न.

माझं मत स्पष्ट आहे. एम.कॉम., मराठी किंवा हिंदीचं एम.ए., रसायनशास्त्राचं एम.एस्सी. एवढ्यासाठी कुणी ख्रिस्ती कॉलेजचं नाव ऐकून मुंबई गाठत असेल, तर त्यानं थांबावं. साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सांगलीचं विलिंग्डन, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे विभाग, हे सगळं घरून जाऊन-येऊन किंवा थोड्या खर्चात होण्यासारखं आहे. साताऱ्यात तर रयतच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही झालं आहे. मुंबईतल्या भाड्याच्या खाटेवर पडून तेच पुस्तक वाचण्यात काही अर्थ नाही. पण समाजकार्य, लोकधोरण, प्राचीन भारतीय संस्कृती, जीवशास्त्रातलं संशोधन, समुपदेशन किंवा ईशज्ञान यांपैकी काही डोक्यात असेल, तर मिशनच्या परंपरेतल्या कॉलेजांकडे नीट पाहायला हवं. यातल्या काही विषयांना त्यांनी आपल्याकडे फार आधी हात घातला.

आता कॉलेजं. मी सगळ्यांना सारखी जागा देणार नाही.

सर्वात आधी नगर, कारण आपल्याकडची मुलं नेमकं तेच विसरतात. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये पोचलं. कॉलेज मात्र आलं स्वातंत्र्याच्या वर्षी, आणि ते परदेशी मिशनऱ्यानं काढलेलं नाही, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती माणसानं १९४७ मध्ये ते सुरू केलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी ते संलग्न आहे. त्याच संस्थेचं ग्रामीण विकास अभ्यास केंद्र, सगळे ज्याला ‘सी.एस.आर.डी.’ म्हणतात, तिथे एम.एस.डब्ल्यू. होतं. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांतून येणाऱ्या मुलाला नगरची परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही. तोच दुष्काळ, तेच साखर कारखाने, तीच ऊसतोड, तेच टँकर. मुंबईच्या समाजकार्य कॉलेजात पहिलं सत्र वस्ती आणि लोकल समजून घेण्यात जातं. नगरला तुम्ही पहिल्या दिवसापासून ओळखीच्या जमिनीवर असता. अर्थात हाच मुद्दा कुणी उलटाही मांडेल, की ओळखीचं सोडून अनोळखी शिकायलाच तर बाहेर जायचं. तसं वाटत असेल तर मुंबईचं निर्मला निकेतन पाहा. १९५५ पासूनचं, ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या भगिनींच्या संघानं सुरू केलेलं, समाजकार्यासाठी नाव असलेलं कॉलेज. आणखी एक, नगरला जायला पुण्यात गाडी बदलावी लागतेच असं नाही. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा करत पुणे-दौंडमार्गे नगरला जाते. तीच पुढे नागपूरला जाते, जिथे स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचं १८८३ पासूनचं हिस्लॉप कॉलेज आहे.

मुंबईत दोन मोठी नावं. सेंट झेवियर्स जेझुइट पाद्र्यांनी १८६९ मध्ये काढलं, २०१० मध्ये ते स्वायत्त झालं. प्राचीन भारतीय इतिहास-संस्कृतीची ज्याला ओढ आहे त्याच्यासाठी तिथली हेरास इन्स्टिट्यूट ही खरी गोष्ट. फादर हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइटानं १९२६ मध्ये ती सुरू केली. वाईचे घाट, साताऱ्याचे किल्ले, पाटेश्वरची लेणी पाहत वाढलेल्या मुलानं या संग्रहात एक दिवस घालवावाच, ॲडमिशन घ्यायची असो वा नसो. लोकधोरणाचं एम.ए. आणि जीवशास्त्रातली एम.एस्सी.ही झेवियर्समध्ये आहेत, पण इंग्रजी कच्चं असेल तर पहिले सहा महिने जड जातात, हे आधीच लक्षात घ्या.

दुसरं विल्सन. गिरगाव चौपाटीसमोरची ती दगडी इमारत सगळ्यांनी पाहिलेली असते. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून ते वाढलं. देशातल्या सर्वात जुन्या कॉलेजांत त्याची गणना होते. घरातली म्हातारी माणसं ‘तिथे मुलाला बाटवतील’ म्हणून हटून बसली असतील, तर त्यांना एवढंच सांगा, की ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे विल्सनचेच विद्यार्थी होते.

पुण्यात औंधला स्पायसर आहे, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं. १९१५ मध्ये दक्षिणेत सुरू झालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्यात आली. २०१४ च्या राज्य कायद्यानं ती विद्यापीठ झाली. अमेरिकेत ज्याला ख्रिस्ती लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात, म्हणजे छोटा परिसर, सगळे एकत्र राहणार, अभ्यास, काम आणि प्रार्थना एकाच वेळापत्रकात, त्याच्या सर्वात जवळ जाणारा नमुना महाराष्ट्रात हाच. हा पंथ शनिवार विश्रामदिवस म्हणून पाळतो. शुक्रवारी सूर्य मावळला की परिसराची घडी बदलते, आणि शनिवार-रविवारी जोडून घरी पळायची सवय असलेल्यांनी हे आधी समजून घ्यावं. बंगळुरूच्या ख्राइस्ट अभिमत विद्यापीठाचा एक परिसर लवासाला आहे. तिथली फी पाहूनच पुढचा विचार करा.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा बाग आणि सभागृह पाहून परत येऊ नका. ग्रंथालयात जा आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध दाखवायला सांगा. दोन प्रबंध काढा, शेवटची संदर्भांची पानं उघडा. मराठी-इंग्रजी पुस्तकं, जिल्हा गॅझेटिअर, प्रत्यक्ष मुलाखती दिसल्या तर त्या विभागात कुणीतरी मुलांच्या मागे लागून काम करून घेतं. सगळे संदर्भ इंटरनेटचे आणि एकाच साच्याचे असतील, तर इमारत कितीही जुनी असली तरी विभाग झोपलेला आहे. मग विभागात जाऊन सरळ विचारा, पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती? पदवीच्या वर्गाला नावाजलेल्या कॉलेजात पी.जी.चा सगळा भार तासिकांवरच्या मुलामुलींवर असतो, असं पुष्कळदा दिसतं. त्यांचा काही दोष नाही, पण तुमचा मार्गदर्शक दिवाळीनंतर दुसरीकडे रुजू झाला तर प्रबंध अर्धाच राहतो.

पदवी कुणाची, हा प्रश्न इंग्रजी नावाच्या झगमगाटात हमखास राहून जातो. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी सगळं विद्यापीठाचं. स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवीवर मात्र विद्यापीठाचं नाव. खासगी किंवा अभिमत विद्यापीठात सगळंच त्यांचं. तिन्ही चालतात, यू.जी.सी.च्या यादीत संस्था असली म्हणजे झालं. यादी यू.जी.सी.च्या संकेतस्थळावर आहे. स्वतः उघडून पाहा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. पुढे प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट-सेटसाठी एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. स्वायत्त कॉलेजात ग्रेडचे टक्के कसे काढतात हे सूत्र आधीच विचारून ठेवा. दोन वर्षांनी ५४.८ वर अडकलेलं पोरगं बघवत नाही.

ईशज्ञानाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. पाळक व्हायचं ठरवलेली मुलं आपल्याकडच्या मंडळ्यांमधून दरवर्षी बाहेर पडतात, आणि त्यांना सल्ला देणारे बहुतेक चर्चमधलेच असतात. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे; यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्यात आली. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्रही पुण्यातच. जेझुइटांचं ज्ञानदीप विद्यापीठही तिथेच, पण तिथल्या ईशज्ञानाच्या पदव्यांना रोमची मान्यता असते. प्रॉटेस्टंट सेमिनरींत दोन वेगळ्या वाटा आहेत. एक सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेली. सेरामपूर कॉलेज विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये काढलं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं त्याला पदव्या देण्याची सनद दिली. दुसरी वाट एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेची. ही मान्यता ईशज्ञानाच्या संस्थांच्या आपापसातली आहे, यू.जी.सी.ची नव्हे. चर्चमध्ये सेवा करायची असेल तर काही बिघडत नाही. पण ‘पुढे जमलं तर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीन’ असा विचार मनाच्या कोपऱ्यात असेल, तर आधी विद्यापीठाचं एम.ए. आणि मग ईशज्ञानाचं एम.डिव्ह., हा क्रम ठेवा. उलट क्रमानं गेलेल्यांची नंतर फार ओढाताण होते.

आता ते तीन शब्द. घटनेच्या ३० व्या कलमानं अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था काढून चालवायचा हक्क दिला आहे, आणि १५ व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमानं अशा संस्थांना प्रवेशातल्या आरक्षणातून वगळलं आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की अनुसूचित जाती, ओबीसी किंवा इतर कोणत्याही राखीव जागा जशा विलिंग्डनमध्ये मिळतील तशा इथे मिळतीलच असं नाही. ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी मात्र वेगळ्या जागा असतात. त्या जागांवरची यादीही गुणांनीच लागते. ‘आपलंच कॉलेज आहे, होऊन जाईल’ या भरवशावर राहिलेली घरं मी पाहिली आहेत, आणि जूनअखेर त्यांची धावपळही. पुस्तिकेत ‘ख्रिस्ती’ लिहिलंय की ‘रोमन कॅथलिक’, तेही वाचा. आपल्याकडचे बहुतेक ख्रिस्ती प्रॉटेस्टंट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या परंपरेतले; प्रत्येक कॅथलिक संस्थेत त्यांना तेवढंच प्राधान्य मिळेल असं धरून चालू नये. बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकसाहेबांचं पत्र एप्रिलमध्येच काढून ठेवा. जुन्या नोंदवह्यांत आजोबांचं आडनाव एक आणि टी.सी.वर दुसरं, हा घोळ आपल्याकडे नवा नाही.

आरक्षण नसलं म्हणजे शिष्यवृत्तीही नाही, असा गैरसमज करून घेऊ नका. कॉलेज आणि कोर्स महाडीबीटी पोर्टलवर नोंदलेला असेल तर तुमच्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती तुम्ही मागू शकता. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मात्र ती सहसा मिळत नाही. ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक गोष्ट, जी कुणी मोकळेपणानं सांगत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू, शीख आणि बौद्धांपुरत्या आहेत. मूळच्या अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या घरांची जागा महाराष्ट्रात ओबीसींमध्ये आहे. म्हणजे नॉन-क्रिमिलेअर दाखला आणि जात वैधता, दोन्ही लागणार. वैधतेचा अर्ज ॲडमिशननंतर नव्हे, आत्ता करा. भावकीतल्या एखाद्याची वैधता आधी झालेली असेल तर तिची प्रत जोडा. काम निम्मं हलकं होतं.

पैशांचं गणित करताना फीवर नजर खिळवू नका. अनुदानित कॉलेजातही पी.जी.चे बरेच कोर्स विनाअनुदानित असतात. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, दोन वेगवेगळ्या फिया. त्यामुळे ‘झेवियर्सची फी’ किंवा ‘विल्सनची फी’ असं काही नसतं, कोर्सची फी असते, आणि कोर्सचं नाव घेऊन विचारल्याशिवाय आकडा कळत नाही. मुंबईत राहण्याचा खर्च कित्येकदा फीच्या पुढे जातो. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर काय, याचं उत्तर हातात असल्याशिवाय फी भरू नका. अनुसूचित जातीच्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. दोन्हींसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि दोन्हींतले पैसे उशिरा येतात. पहिल्या सहा महिन्यांची सोय वेगळी करूनच निघा.

प्रार्थनेचं काय? घटनेचं २८ वं कलम सांगतं, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत विद्यार्थ्याला, तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाला, विचारल्याशिवाय धर्मशिक्षणात किंवा उपासनेत बसवता येत नाही. विल्सन, झेवियर्स, नगर या ठिकाणी बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतातच. तिथे वर्षारंभाची प्रार्थना होईल, नाताळ साजरा होईल, एखादा मूल्यशिक्षणाचा तास असेल. सेमिनरीत किंवा स्पायसरसारख्या निवासी परिसरात गोष्ट वेगळी. तिथे उपासना हा राहण्याचाच भाग असतो आणि प्रवेशअर्जावर सही करताना तुम्ही ते नियम मान्य करता. म्हणून ती पानं वाचा: उपासनेला हजेरी आहे का, जेवण काय, तंबाखू-दारूचा नियम काय, रात्री किती वाजता गेट बंद होतं. नियम पटत नसतील तर जाऊ नका. जाऊन त्यांच्याशी भांडत बसण्यात दोन वर्षं फुकट जातात. आणि मुलाखतीला समोर पांढऱ्या झग्यातले गृहस्थ असतील तर त्यांना ‘फादर’ म्हणा, भगिनींना ‘सिस्टर’. तुमचा धर्म कोणता, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मुलाखतीची आणि अर्जातल्या ‘उद्देशपत्रा’ची भीती आपल्याकडच्या मुलांना फार. समजा जत तालुक्यातली एक मुलगी एम.एस.डब्ल्यू.साठी लिहिते आहे. तिचा पहिला खर्डा बहुधा असा निघतो: ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. समाजातील दुर्बल घटकांसाठी कार्य करण्याचे माझे स्वप्न आहे.’ हे वाक्य निवड समितीनं त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं. तिला विचारा, तुमच्याकडे पाणी कुठून येतं? मग ती सांगते, की म्हैसाळच्या योजनेचा कालवा तीन किलोमीटरवर आहे, पण वस्तीवर मार्चपासून टँकर येतो. टँकरच्या खेपांची वही असते, तिच्यावर सही करायला बायकांना बोलावतात, पण वहीत काय लिहिलंय ते त्यांना कुणी वाचून दाखवत नाही. तिच्या आईनं एकदा विचारलं तर ग्रामपंचायतीत हशा झाला. झालं, हेच लिहायचं. याच भाषेत, आणि शेवटी एक वाक्य, की अशा सह्या घेतल्या जातात तिथे बायकांना वही वाचता येणं आणि तिच्यावर हरकत घेता येणं या दोन्हींसाठी काय करावं लागतं, ते मला शिकायचं आहे. कुठल्याही समितीला पुढचा प्रश्न विचारावासा वाटेल. इंग्रजीत लिहावं लागलं तर आधी मराठीत असं लिहा आणि मगच इंग्रजीत न्या. थेट इंग्रजीत लिहायला बसलात की पुन्हा ‘दुर्बल घटक’ येतात.

उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येईल का, हेही विचारून घ्या. सामाजिक शास्त्रांत बऱ्याच ठिकाणी मुभा असते, पण मुंबईच्या इंग्रजी वातावरणाच्या कॉलेजांत तास इंग्रजीत आणि वाचन इंग्रजीत, मग मुभा असूनही नसल्यासारखी.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एक नवा पेच आलाय. तीन वर्षांची पदवी घेतली तर पी.जी. दोन वर्षांचं, चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर पी.जी. एकाच वर्षाचं. बेरीज पाचच. घरचे म्हणतात, चौथं वर्ष इथेच कर, बाहेरचा खर्च एक वर्षाचा. हिशेब बरोबर आहे. तरी विषय आणि कॉलेज दोन्ही बदलायचं असेल तर मी तीन वर्षांनंतर बाहेर पडा म्हणेन. दोन वर्षांत तुम्हाला शिक्षक कळतात, त्यांना तुम्ही कळता, शिफारसपत्रात लिहायला त्यांच्याकडे काहीतरी असतं. एका वर्षात जून-जुलै ॲडमिशनमध्ये, ऑक्टोबर परीक्षेत, आणि प्रबंधाचा विषय ठरेतो फेब्रुवारी. चौथं वर्ष करायचंच तर ते ज्या कॉलेजात पी.जी. करायचंय तिथेच जाऊन करता येईल का, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

अमेरिकेचं थोडक्यात. मुंबईत १८१३ मध्ये उतरलेले पहिले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल हे मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पदवीधर. ते कॉलेज आजही लिबरल आर्ट्सचं नावाजलेलं आहे, पण त्याचं धार्मिक नातं केव्हाच सुटलं, आणि तिथे मास्टर्स म्हणाल तर कलेचा इतिहास आणि विकासाचं अर्थशास्त्र, एवढंच. ही कॉलेजं मुळात पदवीची. ख्रिस्ती ओळख जपलेल्यांपैकी इलिनॉयमधलं व्हीटन आणि मिशिगनमधलं कॅल्व्हिन इथे मास्टर्सचे कोर्स आहेत. व्हीटनला विद्यार्थ्यांना एकत्र जगण्याच्या नियमांचा करार मान्य करावा लागतो. परदेशी शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर जपून. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांना जागतिक क्रमवारीची अट असते आणि छोटी कॉलेजं त्या यादीत नसतात, कितीही चांगली असली तरी. शिवाय आपली तीन वर्षांची पदवी प्रत्येक विद्यापीठ मान्य करतंच असं नाही. अर्जाची फी भरण्याआधी ई-मेल करून हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

शेवटी कागद. शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी पुण्याच्या किंवा मुंबईच्या विद्यापीठात गेला की त्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रता मिळवावी लागते. वर्ष वाया गेलेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही. निकाल आपल्याकडे उशिरा लागतो आणि मुंबईच्या याद्या त्याआधीच लागायला सुरुवात होते, म्हणून पाचव्या सत्रापर्यंतच्या गुणपत्रिकांवर हंगामी प्रवेश देतात का ते मेमध्येच फोन करून विचारा. ‘वेबसाइटवर बघा’ असं उत्तर आलं तर बघा आणि पुन्हा फोन करा. स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज निकाल लागल्याच्या आठवड्यातच करायचा. ते हातात यायला वेळ लागतो, आणि ते वेळेत जमा केलं नाही तर नवं विद्यापीठ पहिल्या सत्राचा निकाल अडवून ठेवू शकतं. मूळ प्रत कॉलेजात जमा होते, ती परत मिळत नाही. जमा करण्याआधी दोन साक्षांकित प्रती काढून एक घरी ठेवा. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून सकाळी मुंबईत उतरल्यावर, खिडकीपुढच्या रांगेत उभं राहून घरी फोन करायची वेळ येते, ती याच कागदासाठी.